पुस्तकात नसलेला नवरा

बबनरावांनी पुस्तक टेबलावर आपटलं. "ताई, ह्यातली पानं गेलीत."

निगडीच्या त्या छोट्या वाचनालयात विजयश्री एकटीच असायची. तिने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि पानं मोजून दाखवली. एकही कमी नव्हतं.

बबनरावांनी चाकणच्या कंपनीत तीस वर्षं माल तपासला होता. खोट त्यांच्या नजरेतून सुटत नसे, आणि या पुस्तकात खोटच खोट होती. पुण्यातली बाई नोकरी सोडून कोकणातल्या खेड्यात पुस्तकांचं दुकान टाकते, अन् पंधरा दिवसांत गिऱ्हाइकांची रीघ लागते. असं कुठं असतं का? तरी शेळी दुकानात शिरून कवितांचं पुस्तक खाते, तिथे ते दोनदा हसले होते. मग हसल्याचाच राग आला होता. बायकोला, शालनबाईंना जाऊन चारच महिने झाले होते.

हे पुस्तक शालनबाईंच्या फार आवडीचं. बबनराव सेकंड शिफ्टआधी जेवायला बसले की त्या ह्यातली गोष्ट सांगत, आणि हे 'हं, हं' करत.

"मग ह्यात त्या बाईचा नवरा कुठाय?"

"काका, तिला नवराच नाही. शेवटपर्यंत एकटीच असते."

"असं कसं? आमची ही रोज सांगायची. किरकिऱ्या माणूस. दुकानातल्या फळ्या तिरक्या तर न्हाईत ना, लेव्हल लावून बघायचा. चहा गोड झाला की कप सरकवायचा. एकदा रुसून निघून गेला. पुढचं सांगायला लागली, तर माझी कंपनीची बस आली. म्हणलं, उद्या सांग."

"मग?"

"मग मी इचारलंच न्हाई."

विजयश्रीने दिलेला चहा त्यांनी एक घोट घेऊन बाजूला सरकवला होता. तिचं लक्ष कपाकडे गेलं. मग बबनरावांचंही गेलं.

ते चिडूनच म्हणाले, "परत आला असंल का तो?"

"मला कसं ठाऊक, काका? दुसरं पुस्तक देऊ का?"

"नको. हेच लिहा माझ्या नावावर."

पुस्तक पिशवीत घालून ते दारापर्यंत गेले आणि वळले.

"तुमची ती वरची फळी डावीकडं उतरलीय. दिसत न्हाई का कुणाला? उद्या लेव्हल घेऊन येतो."