चार बोटं उंच

"बसा बघू आता. नाही नाही, असं धपकन नाही," व्यायाम शिकवायला आलेली बाई म्हणाली. "दुखरा पाय पुढे, हात मागे टेकवा आणि हळूच."

मिस्त्री पलंगावर टेकले. गुडघे पोटाशी आले. बाईने मान हलवली.

"हा पलंग नाही चालायचा. खुबा बदलल्यावर गुडघा कमरेच्या वर गेलेला नको, सांधा निखळेल. चार बोटं तरी उंच करून घ्या. बघा कुणी सुतार मिळतो का."

"बघतो," मिस्त्री म्हणाले. रंधा मारण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला ती सुतार शोधायला सांगत होती. एरवी त्यांनी तिची चांगलीच फिरकी घेतली असती, पण ऑपरेशनची तारीख ठरल्यापासून त्यांना कशातच गोडी उरली नव्हती.

पलंग त्यांनीच केलेला, लग्न ठरल्यावर, दोघांसाठी. पुढे बायकोला झटका आला, एक बाजू लुळी पडली, तेव्हा त्याचे पाय कापून तो बुटका केला तोही त्यांनीच. कडेला सरकली की तिची पावलं आपसूक जमिनीला टेकायची. तिला उठवणं, न्हाऊ घालणं, खुर्चीत बसवणं, सगळं त्यांच्या अंगावर. त्याचा त्यांना कधी कंटाळा आला नव्हता.

आता लेक आईला आपल्याकडे नेणार होती. "तीन महिने फक्त, बाबा." मिस्त्रींना तीन महिन्यांची भीती नव्हती. बरं झाल्यावरही बायकोला उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि ते त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा गेली की ती परत येणार नाही, या विचाराने त्यांचा जीव अर्धा झाला होता.

दुपारी त्यांनी ठोकळे कापले, दांड्याची तरफ लावून एकेका पायाखाली सरकवले. मग बायकोला कसंबसं वर निजवलं आणि आत जाऊन चहा टाकला.

धप्पकन आवाज झाला.

ती नेहमीसारखी कडेला सरकली होती आणि पावलांना जमीन सापडली नव्हती. जन्मभर मिस्त्रींनी दुसऱ्याच्या मापाने काम केलं. आज पहिल्यांदा स्वतःचं माप धरलं, तर तिचं विसरले. तिला फारसं लागलं नव्हतं. पण ती भेदरली होती आणि कपडे ओले झाले होते.

"थांब हं, उचलतो," ते म्हणाले आणि वाकले. खुब्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली.

"राहू दे," बायको म्हणाली. झटक्यानंतर तिच्याजवळ एवढे दोनच शब्द उरले होते.

भिंतीला पाठ घासत ते तिच्या शेजारी खाली बसले. आपल्याला उठता येणार नाही हे ठाऊक असूनही बसले. आपल्या पंच्याने तिचे पाय पुसले. चहा आटून करपला, त्याचा वास घरभर झाला.

संध्याकाळी लेक आली. "अहो बाबा, काय हे! फोन नाही का करायचा?"

"मला हिला उचलता यायचं नाही," मिस्त्री म्हणाले. "आत्ता नाही, नंतरही नाही."

"ठाऊक आहे," लेक हळूच म्हणाली. "डॉक्टरांनी मलाही सांगितलंय."

सकाळी जावई आला आणि सासूला घेऊन गेला. जाताना ती दारातून पलंगाकडे बघत होती. मिस्त्रींना ते बघवलं नाही.

ती गेल्यावर त्यांनी करवत काढली.

"उद्या ऑपरेशन, दुपारी दवाखान्यात जायचंय, आणि हे काय मांडलंय?" लेक वैतागली.

"पलंग मधोमध कापतोय. माझा उंच राहील, तिचा खाली."

"पण बाबा, आई आता..." पलंगाची दुसरी बाजू तिने गच्च धरली.

पलंगाचे दोन झाले. मधल्या बाजूला नवे पाय ठोकले. बायकोच्या पलंगाखालचे ठोकळे निघाले आणि तो पुन्हा बुटका झाला. मग स्टुलावर बसून मिस्त्री तिच्या कापलेल्या कडेवर पॉलिशपेपर घासू लागले. तिच्या लुळ्या अंगात कुसळ रुतलं तर तिला कळणारसुद्धा नव्हतं.

"बाबा, गाडी आलीय."

"झालंच." तळहात फिरवत त्यांनी ती कड या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा चाचपली, एका जागी आणखी थोडं घासलं, भुसा फुंकला. गादीवर तिची चादर अंथरली.

त्यांच्या बाजूची कड राहिली ती राहिलीच.