दोन विलायती गाड्या आणि आईची खाट

आईच्या गुडघ्यांना जिना झेपेना, तेव्हा तिने एकच मागणी केली. खाली गॅरेजात दोन गाड्या उभ्या आहेत, त्यातली एक काढा आणि तिथे माझी खाट टाका. कोणती काढायची, एवढंच ठरायचं राहिलं. मुलगे दोन आणि दोघेही जाणकार, त्यामुळे आई महिनोन्महिने जिना चढत राहिली.

थोरल्याची स्पोर्ट्स कार साठच्या दशकातली, इंग्लंडात घडलेली. तारांची चाकं, लाकडी स्टिअरिंग आणि पोटाखाली कायमचा एक पत्र्याचा ट्रे, कारण ती तेल गाळायची. थोरला त्याला गाडीचा स्वभाव म्हणे. धाकट्याची नव्वदच्या दशकातली, तीही इंग्लंडचीच. तिचं इंजिन सीटच्या पाठीमागे इतकं कोंबलेलं की तिथे हात पोचत नसे. जिथे हात पोचत नाही तिथे बिघाड नसतो, असं धाकट्याचं मत.

“तुझी ती साबणाची डबी आहे,” थोरला म्हणायचा. “प्लास्टिकला कसला आलाय इतिहास?”

“आणि तुझं ते चाकं लावलेलं कपाट, दादा. दार उघडलं की कुबट वास येतो.”

शेवटी आईनेच निकाल लावला. रविवारी दोघांनी गाड्या सुरू करायच्या, जी फाटकापर्यंत जाऊन परत येईल ती गॅरेजात राहील.

आदल्या दिवशी थोरल्याने फरशी घासून पुसली आणि आईला डाग दिसायला नको म्हणून इंजिनातलं सगळं तेल काढून ठेवलं. प्रदर्शनाला जाताना तो नेहमी हेच करी. टेम्पोत घालून नेलेली गाडी तिथे कुणी सुरू करत नाही. नुसती बघतात आणि मान डोलावतात.

रविवारी आई खुर्ची टाकून अंगणात बसली. धाकट्याची गाडी ऐटीत फाटकापर्यंत गेली, खोकली आणि तिथेच बसली.

“डबीतला साबण संपला वाटतं,” म्हणत थोरल्याने किल्ली फिरवली. त्याची गाडी डरकाळी फोडत बाहेर आली. अंगणाच्या मध्यावर आत काहीतरी करकरलं आणि इंजिन जाम झालं. मग थोरल्याला तेल आठवलं. त्याने चेहरा असा केला, जणू दुसऱ्याच कुणाच्या तेलाचा विषय चाललाय.

आईने मागे वळून रिकामं गॅरेज पाहिलं.

“सूनबाई, खाट आणा. माझं कपाटही मावेल आता.”

“आई, एकच गाडी काढायची ठरली होती,” धाकटा म्हणाला.

“मी कुठे हात लावलाय? दोन्ही तुम्हीच काढल्यात. आता आत घालून दाखवा.”

दोघांनी दोन्ही गाड्यांकडे पाहिलं.

संध्याकाळी आई नव्या खोलीत आडवी झाली. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि घरात ताडपत्री एकच होती. ती कोणत्या गाडीवर घालायची, याबद्दल दोन्ही जाणकारांची चर्चा तिला झोप लागेपर्यंत स्पष्ट ऐकू येत होती.