पट्टे आले का?

"जीव जन्माला घालणं यासारखं पवित्र काम जगात दुसरं नाही," असं म्हणून जावयाने प्लॅस्टिकच्या नळीला तोंड लावलं, पाणी ओढलं आणि घोटभर खारं पाणी गिळलं.

खोकत खोकत त्याने नळीचं टोक लहान टाकीत सोडलं. खोकला थांबेपर्यंत पवित्र कामाचा बराचसा भाग फरशीवर सांडला होता. बायकोने पायाने पायपुसणं पुढे सरकवलं.

"बाळंतपण मासोळीचं आणि धाप तुम्हाला."

"तिचं कुठलं? अंडी घालून ती मोकळी झाली. राखण सगळी बापाची. पंखांनी वारा घालतो, नासलेलं अंडं निवडून काढतो..."

"असू दे. घरातला एक तरी बाप कामाला लागला."

जावई शाळेत भूगोल शिकवायचा; समुद्राशी त्याचा संबंध नकाशातल्या निळ्या रंगापुरता. पण केशरी अंगाची, पांढऱ्या पट्ट्यांची क्लाउनफिशची जोडी त्याने घरीच मीठ कालवलेल्या पाण्यात जगवली होती. आधीच्या दोन्ही वेळची अंडी आईबापांनीच खाऊन टाकली. या खेपेला अंड्यांत चंदेरी डोळे दिसू लागले, तेव्हा ती लहान टाकीत हलवून, दिवेलागणीलाच खोलीत अंधार करून तो पिल्लं फुटण्याची वाट बघत बसला.

पिल्लं फुटली. पापणीचा केस तुटून पाण्यात पडावा, एवढी.

"झाली!" तो ओरडला.

भिंत चाचपत सासूबाई आल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, पण ऑपरेशनचं नाव काढलं की त्या म्हणायच्या, "या वयात नवीन काय बघायचंय? बघितलं तेच पुष्कळ झालं." पिल्लांचं खाद्य मात्र त्यांच्याच खोलीत वाढत होतं. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव, हिरव्या पाण्याच्या बाटल्यांत, खिडकीत. कारण घरातलं सगळ्यांत चांगलं ऊन त्या खिडकीत यायचं. खोलीला ओहोटीचा वास लागला होता. सासूबाईंनी कधी ब्र काढला नाही.

"मला दाखवा की," त्या म्हणाल्या.

नुकत्याच फुटलेल्या पिल्लांवर झगझगीत उजेड पाडू नये, असं पुस्तकात लिहिलं होतं. त्या वाक्याखाली जावयाने स्वतः पेन्सिलीने रेघ मारली होती. त्याने घरातला सगळ्यांत मोठा टॉर्च आणला आणि काचेला टेकवून लावला. सासूबाई वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या.

"दिसली हो!" त्या म्हणाल्या. "अगं बाई, केवढी गोड!"

मग कंबर सरळ करत त्या लेकीकडे वळल्या.

"पण यांना नीट बघायचं तर डोळे हवेत. घे बाई डॉक्टरांची तारीख."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. लग्नानंतर इतक्या कौतुकाने तिने त्याच्याकडे पहिल्यांदाच पाहिलं असावं.

सकाळी लहान टाकीत काहीच पोहत नव्हतं. दाढी केल्यावर बेसिनमध्ये उरतात तसे बारीक केस तळाशी पडले होते. जावयाने तीच नळी घेतली आणि ते सगळं ओढून काढलं. या वेळी तोंडात पाणी आलं नाही. हात बसला होता.

"जावईबापू," आतून हाक आली, "बाळं उठली का?"

बायको दारात उभी होती. खरं सांगावं, तर तारीख रद्द झाली असती.

"उठली," तो म्हणाला.

एकदा उठलेली बाळं रोज उठायला लागली. सासूबाई चौकशी करायच्या, तो वाढवत न्यायचा. "पट्टे आले का?" "एकाला येतोय." खिडकीतल्या बाटल्यांची बुडबुड थांबली तर त्यांना कळेल, म्हणून तो खाद्यही वाढवत राहिला. नसलेल्या लेकरांसाठी. खाद्याची पैदास मात्र त्याला उत्तम जमली.

खायला मागे राहणारं एक पिल्लू बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं. सासूबाईंनी त्याचं नाव आळशी ठेवलं.

"त्या आळशाला वेगळं काढून भरवा हो. भिडस्त असतात एकेक."

तो उठून रिकाम्या टाकीपाशी गेला. एका पिल्लाला भरवायला लागेल तेवढा वेळ हात बांधून उभा राहिला आणि परत आला.

"खाल्लं?"

"खाल्लं."

"देव भलं करो तुमचं."

स्वयंपाकघरात बायको म्हणाली, "ऑपरेशन झालं की सांगायचं. तुम्ही."

"मी?"

"मग काय मासे सांगणार?"

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघायच्या दिवशी जावई शाळेतून येताना दुकानातून पाण्याची पिशवी घेऊन आला. पिशवीत बोटाच्या पेराएवढे दोन मासे होते.

"हे कोण?" बायकोने विचारलं.

"आळशी. आणि त्याचा भाऊ."

बायकोने छतावरच्या ओलीकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं आणि आईला आणायला निघून गेली.

काळा चष्मा घातलेल्या सासूबाईंना टाकीसमोर स्टूल दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. दोन्ही मासे काचेशी आले. सासूबाई पुढे वाकल्या. जावयाने रुमालाने काचेवरचा नसलेला डाग पुसला. बायको मागे उभी राहून घसा खाकरत होती. तिला खोकला नव्हता.

"आई," तो म्हणाला, "एक सांगायचं होतं."

"थांबा, आधी मला सांगू द्या. नाहीतर धीर व्हायचा नाही." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "त्या दिवशी मला काहीसुद्धा दिसलं नव्हतं. तुम्ही एवढ्या हौसेने टॉर्च धरलात. डोळ्यांत नुसता लख्ख उजेड. पण तुमचा हिरमोड नको, म्हणून 'दिसली' म्हणाले. तेव्हापासून मनाला खातंय बघा. तुम्ही रोज इतकं खरं खरं सांगत होतात आणि मी आपली खोटारडी."

बायकोचं खाकरणं थांबलं.

जावयाने रुमालाची घडी घातली. ती उलगडली. पुन्हा घातली.

"असू द्या हो, आई," तो म्हणाला. "त्यात काय एवढं! मनाला लावून घेऊ नका."

हे त्याने इतक्या मोठ्या मनाने म्हटलं की सासूबाईंच्या नव्या डोळ्यात पाणी आलं, आणि डोळ्याला पाणी लागू द्यायला डॉक्टरांनी मना केलेलं असल्यामुळे बायकोला धावत जाऊन कापूस आणावा लागला.

"तुम्ही काय सांगत होतात?" डोळा टिपून झाल्यावर त्यांनी विचारलं.

"काही नाही. पट्टे आले, एवढंच."

"ते दिसतंय मला."

डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला सासूबाईंनी नकार दिला. बघायचं ते बघून झालं, म्हणाल्या.