भिंतीला टेकून

कुत्रा गेला कुठे ते नंतर. गेला कसा, हे बाईंना एका नजरेत कळलं. अंगणाचं लोखंडी फाटक वाऱ्यावर डुलत होतं आणि त्याच्या बिजागऱ्या तेलाने चकचकत होत्या.

“अहो! ह्या फाटकाला तेल तुम्ही घातलंत?”

“मग काय! किती गंजलं होतं. उघडायला दोन माणसं लागायची,” नवरा आतून कौतुकाने म्हणाला. बाहेर येऊन बघतो तर त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

कारखान्यातून फिटर म्हणून तो निवृत्त झाला, पण त्याचे हात काही निवृत्त झाले नाहीत. म्हातारपणी दोघांना परदेश फिरायची हौस आली. हॉटेलं परवडेनात, म्हणून घरांची अदलाबदल करणाऱ्या मंडळींत त्यांनी नाव घातलं. आपण त्यांच्या घरात राहायचं, ते आपल्या घरात. हे तिसरं घर. पहिल्या घरी फिटरने गळका नळ दुरुस्त केला, दुसऱ्या घरी अडकणारी खिडकी. कोणी सांगितलं नव्हतं. लष्कराच्या भाकऱ्या भाजल्याशिवाय ह्या माणसाला घास जात नसे.

ह्या घरासोबत कुत्रा आला होता. आंधळा, ठार बहिरा, इतका म्हातारा की फिटर त्याला आजोबाच म्हणायचा. घरमालकीण निघताना रडली होती. “घराला काही झालं तरी चालेल, ह्याला जपा,” एवढंच तिचं मागणं. रोज संध्याकाळी ती बाईंच्या घरून फोन लावायची, कुत्र्याचं तोंड बघायला. आजच्या फोनला फार वेळ उरला नव्हता.

कुत्र्याला फिरायला नेत ते उद्यान डावीकडे होतं, म्हणून दोघं डावीकडे धावली. हाका मारायची सोय नव्हती, बहिऱ्याला काय ऐकू जाणार? बाई झुडपांमागे वाकून बघत होत्या, फिटर बाकांखाली. कुठेच नाही. मागे, घराच्या पलीकडच्या हमरस्त्यावर ट्रक धडधडत होते आणि प्रत्येक ब्रेकच्या आवाजाला बाई वळून बघत होत्या.

“जन्मभर सांगत आले,” त्या कडाडल्या, “लोकांच्या वस्तूंना हात लावू नका! चांगल्यासाठी म्हणूनसुद्धा नाही!”

“अगं, तुझ्या त्या भिंतीला लावला का कधी हात?” फिटरचाही आवाज चढला. “अख्खं घर कितीदा रंगवलं, तेवढा तुकडा सोडून!”

खरं होतं. बाईंचे वडील शेवटची वर्षं लेकीकडेच होते. बैठकीत दाराजवळ बसून, भिंतीला डोकं टेकून पेपर वाचायचे. ते गेले, पण त्यांच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग भिंतीवर राहिला. बाई येता जाता त्याच्यावर हात ठेवायच्या. आलेल्या गेलेल्याला वाटायचं, घर कसलं कळकट. वाटू दे.

आणि उभ्या उभ्या त्यांच्या मनात आलं, आजोबाही भिंतीला टेकूनच चालतो की! घरात फिरताना उजवी कूस भिंतीला घासत जायचा, सगळं घर तसंच त्याला पाठ होतं.

“उजवीकडे चला,” त्या म्हणाल्या. “फाटकातून बाहेर पडून भिंत उजव्या हाताला ठेवली, तर तो उजवीकडेच गेला असणार.”

फाटकापासून कुंपणाची भिंत सुरू व्हायची ती एकामागून एक घरं घेत थेट हमरस्त्यापर्यंत. बाईंनी भिंतीला हात लावला आणि चालायला लागल्या, मग धावायला लागल्या. एका खिळ्याला कुत्र्याचे पांढरे केस अडकले होते. पुढे कोपरा, आणि कोपऱ्यावर एका बसने करकचून ब्रेक लावला. बाई भिंतीला धरून थांबल्या. “तुम्ही बघा हो पुढे,” त्या कशाबशा म्हणाल्या.

फिटर पुढे गेला आणि तिथेच मटकन खाली बसला. भिंत संपली होती तिथे, शेवटच्या विटेला कूस टेकून, आजोबा बसला होता. पुढे टेकायला काही नव्हतं, म्हणून त्याने पाऊल टाकलं नव्हतं. फिटरने त्याला उचलून छातीशी धरलं आणि लहान पोरासारखा रडला.

घरी येऊन बाईंनी फाटक आपल्या ओढणीने करकचून बांधलं, तोवर फोन वाजला.

“सापडला ना? मग कशाला सांगतेस?” फिटर कुजबुजला.

“सांगणार,” बाई म्हणाल्या, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

घरमालकीण पांढरीफटक पडली. तिने कुत्र्याला चारही बाजूंनी दाखवायला लावलं. मग डोळे पुसत म्हणाली, “चूक माझीच. ते फाटक आम्ही मुद्दाम गंजू दिलं होतं, ह्याच्यासाठी. पण पाहुण्यांना गंजक्या फाटकाचं काय सांगायचं? लाज वाटली. तुम्ही तर चांगल्या मनाने केलंत.”

फिटरने मान खाली घातली.

“बरं, आता तुम्हाला गंमत दाखवते,” ती हसून म्हणाली. “आम्हीही तुमच्यासाठी एक काम केलंय.” तिने फोन फिरवला. बाईंची बैठक, दार, आणि दाराजवळची भिंत. पांढरीशुभ्र. “तो घाण डाग होता ना? चांगले दोन हात मारले रंगाचे!”

बाईंचा हात आपोआप फोनच्या पडद्याकडे गेला. डागाबद्दल त्याही बोलल्या नव्हत्या. असल्या डागाचं परक्यांना काय सांगायचं, लाज वाटली होती.

“छान झालंय,” त्या म्हणाल्या. “कशाला त्रास घेतलात?”

फोन ठेवला आणि मग त्यांना रडू फुटलं. कुत्रा त्यांच्या पायाला टेकून झोपला होता. फिटर शेजारी येऊन बसला. तेलकट हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना.

“अगं, तेल आहे ते,” तो हळूच म्हणाला. “भिंतीत मुरलेलं तेल रंगाला दाद देत नाही. येईल वर.”

“आणि नाही आलं तर?”

फिटरने आपल्या टकलावरून हात फिरवला.

“तर मी बसेन रोज तिथे टेकून. तू फक्त तेल घालत जा.”