टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, भरदुपारी, अख्खं दांडी गाव किनाऱ्यावर लोटलं होतं. दामूच्या शिडाच्या होडीला डिझेलचं इंजिन बसवलं होतं, गावातलं पहिलंच, आणि ते काही केल्या चालत नव्हतं. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

दामूची बायको मंजुळा मात्र कंबरभर पाण्यात होडीची कड धरून उभी होती. हे इंजिन तिच्या हट्टाचं. गेल्या वर्षी भर समुद्रात वारा पडला आणि दामू तीन दिवस परतला नाही, तेव्हा तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. सासरे बळवंत तांडेल यांचा मात्र कडाडून विरोध. "इंजिनाच्या होडीत मी पाय ठेवनार नाय," असं त्यांनी गावासमोर सांगून टाकलेलं. आज तर मुदतच दिली होती. "ओहोटी लागायच्या आत चाललं नाय, तर उपटून काढायचं. मग शिडावरच जायचं!"

होडीत पुंजाराम घामानं निथळत होता. हा मूळचा जळगावकडचा, विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करत वाढलेला, आता तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर फिटर. दामूनं त्याला सायकलवर डबलसीट आणलं होतं. होडी हलली की बिचाऱ्याचा चेहरा पिवळा पडायचा, पण हात थांबत नव्हते. त्यानं हँडल फिरवलं. इंजिन धडधडलं, लोकांनी आरोळी ठोकली, आणि दहा आकडे मोजायच्या आत ते गप्प!

"हवा धरली यानं," पुंजाराम म्हणाला. डिझेलच्या नळीचा नट सैल करून त्यानं आत अडकलेल्या हवेचे बुडबुडे काढले. पुन्हा हँडल, पुन्हा धडधड, पुन्हा गप्प. गाळणी काढून धुतली. तेच. टाकीवरच्या काचेत तेल तर दिसत होतं, मग ते पुढं का येत नव्हतं?

"ओहोटी लागायला आली रे!" काठावरून कोणीतरी ओरडलं.

मंजुळानं आत वाकून पाहिलं. सैल नटातून डिझेलची आधी धार लागायची, मग अडखळत थेंबावर यायची. हे तिनं कुठंतरी पाहिलं होतं. कुठं? अगं, घरीच की! गोडेतेलाच्या नव्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल असंच अडतं. दुसरं भोक हवेसाठी पाडावं लागतं.

"भाऊ, टाकीत हवा कुठनं जाते?"

पुंजाराम थबकला. "झाकणाला बारीक भोक असतं, वहिनी."

दोघांनी एकदमच झाकणाकडे पाहिलं. त्यावर झेंडूची माळ होती. पूजेचं फूल होडी सुटेपर्यंत हलवायचं नाही, हा गावचा रिवाज. म्हणून सकाळपासून तिथं कोणी बोट लावलं नव्हतं.

"पूजेला हात लावू नको!" बळवंत होडीजवळ पाण्यात येऊन गरजले. त्या ओरडण्यात राग कमी आणि घाबरणं जास्त होतं.

मंजुळा होडीत चढली आणि तिनं माळ उचललीच. खाली तेलात कालवलेला शेंदूर जाड थापला होता. तिनं तर काल नुसतं हळदकुंकू वाहिलं होतं! तिनं वळून पाहिलं. बळवंतनी हात चटकन पाठीमागे नेले, पण नखांतला केशरी रंग तिला दिसलाच. म्हणजे इंजिनाला शिव्या घालणारा हा म्हातारा पहाटे गुपचूप येऊन, पोराला सुखरूप आण म्हणून, त्याचीच पूजा करून गेला होता. हसावं की रडावं, तिला कळेना.

"कोणी थापलं हे?" दामू खेकसला.

"मीच," मंजुळा म्हणाली. "माजंच चुकलं."

गाव खो खो हसलं. हसू दे! तिनं अंबाड्यातला आकडा काढून भोकात खुपसला. सूं करून हवा आत शिरली. पुंजारामनं पुन्हा बुडबुडे काढले आणि सगळा जीव एकवटून हँडल मारलं. धड, धड, धडधडधड! दहा झाले, वीस झाले, शंभर झाले, इंजिन थांबेना. किनाऱ्यावर एकच कल्ला उठला. मंजुळानं आनंदानं पुंजारामच्या पाठीत असा धपाटा घातला की तो पाण्यात पडता पडता वाचला.

तेवढ्यात बळवंत पाण्यातून तरातरा आले आणि होडीत चढले. म्हातारा झाकणावर वाकला.

"पोरी, भोक कुठं हाय ते नीट दाखव," अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले. "फुडच्या खेपेला शेंदूर बाजूला लावीन."