तपासणीच्या आदल्या दिवशी

आमच्या आरोग्य केंद्रात साखर तपासायचा दिवस ठरलेला आहे, महिन्याचा पहिला सोमवार. तो आधीपासून जाहीर करायची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला एकदा गाठायचंय मला. लोक आजाराची नाही, सोमवारची काळजी घेतात. शनिवारपासून तोंडाला कुलूप, रविवारी उन्हातान्हात फेऱ्या, आणि सोमवारी मशीनवर गोंडस आकडा. संध्याकाळी पुन्हा गोड खायला मोकळे.

या सगळ्यांचा म्होरक्या माझा सख्खा भाऊ. दादा शिंपी आहे. त्याचा आकडा दर सोमवारी इतका सुरेख यायचा की डॉक्टरांनी त्याचा फोटो काढून दाराशी लावला. खाली लिहिलं, ‘साखर आटोक्यात ठेवणारे आमचे आदर्श रुग्ण.’ दादा येता-जाता त्या फोटोपुढे केस सारखे करायचा. रोज दुकानात त्याच्या चहात किती साखर पडते ते वहिनी मला सांगायची. मी भांडायचे, तो हसायचा.

“नर्सबाई, पास झालोय ना? मग कशाला डोकं खातेस?”

एकदा ब्लाउज आणायला दुकानात गेले. दादा अनवाणी पायाने मशीन चालवत होता. पाय वर आला तेव्हा अंगठ्याखाली काहीतरी चमकलं. टाचणी होती, डोक्यापर्यंत आत रुतलेली.

“दादा, थांब! पायात टाचणी आहे तुझ्या.”

“असेल. शिंप्याच्या दुकानात काय, भाले असणार?” त्याने मशीन थांबवलंसुद्धा नाही. “दुखत नाही गं.”

दुखत नाही, याचीच मला धडकी भरली; साखर मुरली की पाय बधिर होतात. मी ती उपसली, तरी तो हातातली शिवण बघत होता.

मी तशीच डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, दादाला मोठ्या दवाखान्यात पाठवा, मागच्या तीन महिन्यांची साखर कळते ती तपासणी तिथेच होते. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. त्याने दादाला बोलावलं, पायावर मलमपट्टी केली आणि मान हलवली.

“सिस्टर, आकडा वाढलेला असल्याशिवाय ते घेत नाहीत. मागे मी पाठवलेल्यांना त्यांनी दारातून परत पाठवलं. यांचा तर सगळ्यांत चांगला आहे.”

मग मी दादाच्या हातापाया पडले. “या सोमवारी नेहमीसारखा जेवून-खाऊन ये. एकदा नापास हो, माझ्यासाठी.”

“आणि दाराशी लावलेला फोटो उतरवतील तो?” दादा म्हणाला. सोमवारी तो उपाशीच आला. आकडा छान आला.

जखम भरली नाही. काळी पडली, वर चढली. शेवटी ताप आला तेव्हा मोठ्या दवाखान्याने काहीही न विचारता त्याला आत घेतलं, आणि पाय घोट्याच्या वरून काढला.

काल पहिला सोमवार होता. वहिनीने दादाला चाकाच्या खुर्चीतून आणलं. फोटो अजून दाराशीच होता, त्यात त्याचे दोन्ही पाय होते. दादाने या वेळी केस सारखे केले नाहीत. त्याने बोट पुढे केलं आणि माझ्याकडे केविलवाणं बघत हळूच म्हणाला, “बघ आता. शनिवारपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही.”

मला ओरडायचं होतं. मी त्याच्या बोटाला सुई टोचली. आकडा छान आला.