अंबूबाईच्या बंदुकीची तपासणी

छर्‍याची बंदूक ती, तिच्यानं धड कबूतरसुद्धा मरायचं नाही. पण गेले आठ दिवस तिनं अख्ख्या गावाचा जीव टांगणीला लावला होता. इतके दिवस ती पोलीस पाटील गुलाबरावांच्या कपाटात कुलपात होती. आज सकाळी त्यांनी ती अंबूबाईच्या पेरूच्या बागेत आणली, विहिरीजवळच्या बाजेवर ठेवली आणि धम्मरत्नला म्हणाले, "फौजी, आता तू सांगशील थे खरं."

धम्मरत्ननं फौजेत बावीस वर्षं हत्यारं दुरुस्त केली होती. निवृत्त झाल्यावर त्यानं मेहकरात पोरापोरींसाठी नेमबाजीचा वर्ग काढला. ही बंदूकही गेल्या साली त्यानंच पारखून अंबूबाईला घेऊन दिली होती. लाकडाचा दस्ता बागेतल्या ओलीनं फुगतो, म्हणून मुद्दाम काळ्या फायबरच्या दस्त्याची.

पेरूवर उतरणारी माकडं हाकलायला ती घेतली होती, पण माकडावर बंदूक चालवायचं पाप आपल्याकडं कोणी करत नाही. झाडाला तेलाचा रिकामा डबा टांगायचा आणि त्या डब्यावर छर्रा मारायचा. टण् आवाज झाला की सगळी टोळी पळते. दसर्‍याच्या दुसर्‍या दिवशी अंबूबाईच्या मुलानं, सागरनं, विहिरीवरून असाच डब्यावर नेम धरला. डबा चुकला, आणि धुर्‍यापलीकडे, म्हणजे बांधाच्या पल्याड, आपल्या शेतात गवत कापणार्‍या मोतीरामच्या गालात छर्रा रुतला. बोटभर वर असता तर डोळाच गेला असता.

बरं, नुसतं तेवढंच असतं तर गोष्ट निभावली असती. पण त्याच्या चारच दिवस आधी धुर्‍यावरून सागरची आणि मोतीरामची चांगली जुंपली होती, आणि चोवीस वर्षांचा घोडा झालेला सागर चारचौघांत म्हणाला होता, "पाहून घेईन तुले." आता बोला. मोतीरामची बायको जनकाबाई आठ दिवस एकच सांगत होती, "विहिरीवरून नाही मारलं त्यानं. जवळ येऊन मारलं."

खरं सांगायचं तर धम्मरत्नलाही तसंच वाटत होतं. विहिरीपासून धुरा एकशेदहा पावलं. या बंदुकीचा छर्रा तिथवर पोचेपर्यंत मेलेला असतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आज तेच दिसलं, की सागर खोटा. मग गुलाबराव दुपारच्या आत जनकाबाईला घेऊन ठाण्यात जाणार होते.

तो कामाला लागला. दस्त्याचे स्क्रू पाहिले, घट्ट होते. नळी बिजागरीवर वाकवून परत बसवली, कुठं हलत नव्हती. छर्रा न घालता बंदूक चढवली आणि दस्ता जमिनीवर आपटला. घोडा आपोआप सुटला नाही. सागर विहिरीच्या कठड्याला टेकून उभा होता. त्याच्या शेजारी अंबूबाई होती. गालाला पट्टी बांधलेला मोतीराम बाजेच्या दुसर्‍या टोकाला बसला होता. सागर आणि मोतीराम, एकानंही दुसर्‍याकडे पाहिलं नाही.

"बंदुकीत काही खोट नाही," धम्मरत्न म्हणाला.

"मी तं पहिल्यापासून सांगून राह्यली," जनकाबाई म्हणाली.

धुर्‍यावर कूलरचा जुना पत्रा उभा केला. धम्मरत्न स्वतः पलीकडे जाऊन कुणी नाही ना ते पाहून आला. मग सगळ्यांना पाठीमागं घेतलं, नेम धरला आणि घोडा ओढला.

फटाका फुटावा तसा आवाज झाला. नळीतून निळसर धूर निघाला. या बंदुकीला असा धूर येत नसतो! तो जवळजवळ पळतच पत्र्यापाशी गेला. पत्र्याला आरपार भोक पडलं होतं.

मागोमाग सगळे आले. गुलाबरावांनी भोकात काडी घालून पाहिली. "म्हणजे विहिरीवरून लागू शकते."

"लागू शकते. आज तं लागते," धम्मरत्न म्हणाला.

पण जनकाबाई कसली ऐकते. "मंग त्यानं आत जास्तीची स्प्रिंग टाकली असन. हेही पाप त्याचंच."

तिचंही चूक नव्हतं. धम्मरत्ननं पिशवीतून शिकंजा, म्हणजे स्क्रूची पकड काढली, बाजेच्या लाकडी चौकटीला आवळली आणि बंदूक खोलायला घेतली. स्प्रिंग निघाली ती अस्सल, कंपनीचीच. पण तिच्यामागोमाग पिस्टन बाहेर आला आणि त्याची बोटं काळ्या तेलानं माखली. सिलिंडरच्या तळाशी अजून तेल होतं. वास घेतला. जळकं गोडं तेल, स्वयंपाकाचं.

"आत तेल होतं," त्यानं सांगितलं. "पिस्टन जोरात आला की हवा तापते, आन् तेल पेट घेते. छर्रा दुपटीच्या जोरानं सुटते, वर उडते. म्हणून डबा चुकला." त्यानं सारं पुसून कोरडं केलं, बंदूक जोडली आणि पुन्हा पत्र्यावर मारली. धूर आला नाही. पत्र्याला नुसता पोचा पडला.

"पण तेल घातलं कोणं?" गुलाबरावांनी विचारलं.

सागरनं मान हलवली. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. लाकडाचा दस्ता असता तर तेल पिऊन काळा पडला असता, कुणाच्या तरी ध्यानात आलं असतं. हा फायबरचा, एकदा पुसला की कोराच्या कोरा.

"म्या घातलं," अंबूबाई म्हणाली.

सगळे वळले.

"दसर्‍याले पूजेत मांडली होती. विळा, कुऱ्हाड, बंदूक. हळदकुंकू लावलं, आन् उभी करून नळीत दोन पळ्या तेल सोडलं. सागरले नोतं मालूम."

"नळीत तेल घालत असतेत का वो?" जनकाबाई अंगावरच गेली. "काऊन घातलं?"

"हत्याराले उपाशी ठेवू नाही म्हणून."

अंबूबाई जमिनीकडे पाहत होती. धम्मरत्ननं मात्र ते शब्द लगेच ओळखले. ते त्याचेच होते. गेल्या साली बंदूक हातात देताना त्याला मेहकरला परतायची घाई होती. गाडीला किक मारता मारता तो म्हणाला होता, "हत्याराले उपाशी ठेवू नका, अंबूबाई. तेल देत जा." कुठं द्यायचं, किती द्यायचं, काही नाही. बिजागरीला एक थेंब, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? पलटणीत दसर्‍याला रायफली पूजेत असायच्या, तेव्हा नळीपाशी कुणाचा हात जाऊ नये म्हणून तो स्वतः पहारा द्यायचा. आणि इथं?

बाई त्याचं नाव घेत नव्हती. घेणारही नव्हती, हे दिसतच होतं. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? मेहकरात पंचवीस घरांनी आपली पोरं त्याच्या भरवशावर बंदुकीशी उभी केली होती. आजचं बोलणं संध्याकाळपर्यंत तिथं पोचलं असतं. इकडे जनकाबाई अंबूबाईला नाही नाही ते बोलत होती आणि ती म्हातारी निमूट ऐकून घेत होती. ते त्याला बघवेना.

"तिले बोलू नका," तो म्हणाला. "तेल दे म्हणून मीच सांगतलं होतं. कुठं द्यायचं थे नाही सांगतलं. चूक माही हाये."

जनकाबाई त्याच्याकडे वळली. "म्हणजे तुमच्या अर्ध्या बोलण्यानं माह्या मालकाचा डोळा जात होता."

"हो."

"बंदूक देता लोकायले, तं पुरतं सांगत जा न मंग."

 

मोतीराम आता उठला. पट्टीमुळं त्याला तोंड नीट उघडता येत नव्हतं. "फौजी, मले येवढंच सांग. यानं माह्यावर नेम धरला होता का?"

"नाही, मोतीरामभाऊ. नेम डब्यावरच होता. पलीकडे कोण हाये हे पाह्यलं नाही, थे त्याचं चुकलं. पण तुह्यावर नाही."

मोतीराम सागरसमोर जाऊन उभा राहिला. सागरनं हात जोडले. मोतीरामनं त्याचे जोडलेले हात आपल्या हातात धरले.

"गालाचं काही नाही बे," तो म्हणाला. "आठ दिवस मले वाटत होतं, तू मले मुद्दाम मारलं."